बांध, खाजण, गावठाण: मुंबईत दडलेली जुनी शिवारं कशी शोधायची

सोसायटीच्या कागदपत्रांची फाईल काढा आणि त्यातली मिळकत पत्रिका बघा. सी.टी.एस. नंबराच्या, म्हणजे नगर भूमापन क्रमांकाच्या, जोडीला एका गावाचं नाव लिहिलेलं असतं. पवईकरांना तिथे तिरंदाज, कोपरी किंवा पासपोली सापडेल. गोरेगावकरांना पहाडी, विक्रोळीकरांना हरियाली, बोरिवलीकरांना एकसर किंवा मागाठाणे, गोवंडी-चेंबूरकडच्यांना बोर्ला. टपालाच्या पत्त्यातून यांतली बरीच नावं केव्हाच गेली. जमिनीच्या दप्तरात मात्र ती अजून चालू आहेत, कारण सरकारच्या लेखी तुमची इमारत आजही त्या मौज्यातल्या, म्हणजे महसुली गावातल्या, एका जमिनीच्या तुकड्यावर उभी आहे. तो तुकडा कधीकाळी भाताचं खाचर होता, वरकस म्हणजे हलक्या जमिनीचा माळ होता, नाहीतर मिठागर.

भूदृश्य पुरातत्त्व ही पुरातत्त्वाची शाखा नेमकं हेच पाहते. एखादं देऊळ किंवा किल्ला सुटा न घेता ती गाव, शेत, पाणवठा, कुरण, वाट आणि बांध एकत्र मांडते आणि हे सगळं कसकसं बदलत गेलं ते शोधते. यासाठी खणावं लागत नाही. चालावं लागतं, नकाशे एकमेकांवर ठेवावे लागतात आणि जुन्या माणसांशी बोलावं लागतं. मुंबईत हे काम करणाऱ्यांना माझा एकच आग्रह आहे: देवळापासून सुरुवात करू नका, पाण्यापासून करा. इथे भात कुठे पिकेल, गाव कुठे वसेल आणि वाट कुठून जाईल हे भरतीच्या पाण्याने ठरवलं. इमारती पाडल्या जातात, नव्या बांधल्या जातात, पण पाणी अडवणारी रेघ सहसा पुसली जात नाही. तिच्यावरूनच पुढे रस्ता जातो, नाला जातो, मालकीची हद्द जाते.

आधी तुकडा ठरवा

एक मौजे पुरे. त्याहून मोठं घेतलंत तर हाती फक्त फोटो उरतात. उपनगरात मिळकतीला सी.टी.एस. नंबर असतो, शहर जिल्ह्यात सी.एस. नंबर, आणि तिथे मौज्याऐवजी माझगाव, परळ-शिवडी, दादर-नायगाव, लोअर परळ अशी डिव्हिजन असते. मिळकत पत्रिका महाभूमीच्या संकेतस्थळावर किंवा नगर भूमापन कार्यालयात मिळते. महापालिकेच्या २०३४च्या विकास आराखड्याची पत्रकंही उतरवून घ्या. त्यांवर सी.टी.एस. हद्दी असतात आणि बरीच गावठाणंही दाखवलेली असतात.

आता मौज्याच्या हद्दीचा आकार बघा. डोंगराकडून खाडीकडे जाणारा लांब पट्टा असेल तर त्या गावाकडे सरपण आणि गुरांसाठी रान, नाचणी-वरीसाठी वरकस, मधल्या सखल भागात भात आणि शेवटी भरतीच्या पाण्याखालचं खाजण, असं सगळं होतं. ओबडधोबड, खाडीच्या वळणांना चिकटलेली हद्द असेल तर गावाचा जीव मासे आणि मीठ यांवर असण्याची शक्यता जास्त. ही पहिली अटकळ वहीत लिहून ठेवा. पुढे ती खोटी ठरली तरी त्या खोटं ठरण्यातूनही बरंच कळतं.

कागद: आजपासून मागे

जुन्यातल्या जुन्या नकाशाकडे एकदम धाव घेऊ नका. आजपासून एकेक थर मागे गेलात तर ओळखीच्या खुणा हातात राहतात.

पहिला थर गूगल अर्थवरच्या जुन्या उपग्रह प्रतिमांचा. त्या साधारण २००० नंतरच्या. गेल्या वीस वर्षांत बुजलेली तळी आणि भराव टाकलेली खाजणं त्यांत स्पष्ट दिसतात.

दुसरा थर माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडून ती शोधता येतात, आणि स्कॅन झालेल्या प्रतिमा फुकट मिळतात. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे ही छायाचित्रं उपनगरांच्या बरोबर त्या काळातली आहेत, जेव्हा इमारती यायला लागल्या होत्या पण खाचरं अजून पिकत होती. चांगल्या प्रतिमेत दोन मीटरच्या आसपासची वस्तू ओळखू येते, म्हणजे बांध, तळं आणि बैलगाडीची वाट सहज दिसते.

तिसरा थर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांचा. जुन्या क्रमांकाप्रमाणे मुंबईला दोन पत्रकं लागतात, ४७ए/१६ आणि ४७बी/१३. दोघांच्या मधली रेघ १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिण टोक एका पत्रकावर आणि वरची साष्टी, म्हणजे उपनगरं ज्यावर आहेत ते बेट, दुसऱ्यावर येते. उपनगर अभ्यासत असाल तर ४७ए/१६ एवढंच पुरेल.

शहर भागासाठी त्याच्याही मागे जाता येतं. कर्नल लॉटन यांची १८६५ ते १८७२ मधली मोजणी इतकी बारीक आहे की एकेक घर, विहीर आणि आवाराची भिंत तिच्यात उमटली आहे. त्याआधी कॅप्टन डिकिन्सन यांनी १८२७ मध्ये पुरी केलेली महसुली मोजणी आहे, आणि तिच्यात नारळीच्या वाड्या व भातखाचरं अजून शहराच्या पोटात दिसतात. या नकाशांच्या प्रतींसाठी पुराभिलेखागारात आणि एशियाटिक सोसायटीत चौकशी करा.

नकाशे एकमेकांवर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जुन्या नकाशाला आजच्या नकाशाशी जोडताना नियंत्रण बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांत ओळखू येणाऱ्या जागा, द्यावे लागतात. गणिताला तीन पुरतात, तुम्ही आठ-दहा द्या आणि ते पत्रकभर विखरून द्या. रेल्वेची फाटकं, पूल, जुनी चर्च, जुनी देवळं, दगडी विहिरी यांना धरा. किनारा किंवा खाडीचा काठ कधीही धरू नका, कारण आपल्याला शोधायचा बदल तिथेच झालेला असतो. काठ जुळवलात तर तो बदल तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकाल.

पाण्याची रेघ

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

भरतीचं पाणी जिथे चढतं-उतरतं ती चिखलाची, तिवरांची जमीन म्हणजे खाजण. तिच्याभोवती दगडमातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं आणि दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जाऊ दिलं, की आत भात पिकतो. या कामाला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात जागोजागी उघाडी असते. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बंद राहून खारं पाणी अडवते. मिठागराची गरज उलटी असते. तिथे उधाणाच्या भरतीचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं आणि उन्हात मीठ धरू द्यायचं. वडाळा, आणिक, कांजूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातली मिठागरं अशीच उभी राहिली. बांध मात्र दोन्हीकडे लागतोच, आणि तो फुटून खांड पडली की आतलं पीक नाहीतर मीठ हातचं जातं.

बांधाची एक खूण फार पक्की आहे. बांधाबाहेर प्रत्येक भरती थोडा गाळ टाकत राहते, त्यामुळे बाहेरचं खाजण हळूहळू उंचावतं. आतल्या जमिनीला तो गाळ मिळत नाही, उलट ती सुकून दबते. शंभर-दोनशे वर्षांत आतली जमीन बाहेरच्या तिवरांपेक्षा खाली जाते. म्हणून एखाद्या वस्तीतून खाडीकडे चालताना उतार लागण्याऐवजी चढ लागला आणि चढाच्या माथ्यावरून रस्ता जात असेल, तर तुम्ही बहुधा जुन्या बांधावर उभे आहात. अशा रस्त्याच्या एका बाजूच्या घरांचे उंबरठे रस्त्याच्या खाली असतात. रस्ता कारण नसताना नागमोडी वळतो, कारण बांध घालणाऱ्यांनी खाडीच्या फाट्यांना बगल देत तो घातलेला असतो.

उपग्रहावरून मिळणारी उंचीची मोफत माहिती इथे कामी येत नाही. दाट वस्तीत ती जमिनीऐवजी छपरांची उंची सांगते. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावरच्या समोच्च (सारखी उंची जोडणाऱ्या) रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात, आणि आपल्याला हवा असलेला फरक असतो गुडघाभर. म्हणून पाण्यालाच मोजू द्या. महापालिका दरवर्षी पावसाळ्यातल्या साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरत्यांची यादी जाहीर करते. त्यातला एक दिवस निवडा. भरतीच्या तासभर आधीपासून मौज्यातले नाले आणि त्यांची मुखं बघत फिरा. पाणी कुठपर्यंत मागे रेटलं जातं, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी थांबतं, कोणत्या झाकणातून वर येतं, याची नकाशावर खूण करा. मग तो नकाशा १९६० च्या दशकातल्या छायाचित्राशेजारी ठेवा. साचलेल्या पाण्याची कड आणि जुन्या खाजणाची कड किती ठिकाणी एकच निघते ते बघाल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मिठी नदीकाठी कुर्ला, कलिना आणि वांद्रे पूर्वेला पाणी जिथे भरलं तो नदीचा आणि खाडीचा जुना पसारा होता. तिथल्या कुणालाही विचारा, भिंतीवर बोट ठेवून पाण्याची पातळी दाखवतील. ती पातळी मोजून घ्या, हा पुरावा आहे. शहर भागातही हेच. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीच्या बांधाने, म्हणजे हॉर्नबी व्हेलार्डने बंद झालं आणि बेटांमधल्या सखल भागात येणारी भरती थांबली. जमीन कोरडी झाली, उंच झाली नाही. परळजवळच्या हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का तुंबतं याची निम्मी उकल तिथल्या बशीसारख्या सखल जमिनीत आहे.

एक काळजी घ्या. तिवरांच्या चिखलात एकट्याने उतरू नका, आणि ओहोटीचे तास घड्याळात लावूनच आत जा. मिठागरांत परवानगीशिवाय शिरू नका. ड्रोन विसरा, मुंबईत तो परवानगीखेरीज उडवता येत नाही.

एक आडवा छेद: मागाठाणे ते गोराई खाडी

सगळं मौजे पायी फिरणं होत नाही. त्यापेक्षा डोंगराकडून खाडीकडे एक सरळ रेघ मारा आणि ती चाला. बोरिवलीचा छेद मी मुद्दाम घेते, कारण दोन हजार वर्षं तिथे एका चालीत भेटतात.

सुरुवात पूर्वेला. कान्हेरीच्या लेण्यांत दानलेख कोरलेले आहेत, आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या अशा एका लेखात मगलठाण गावातलं शेत दान दिल्याची नोंद आहे. ते गाव म्हणजे आजचं मागाठाणे असं अभ्यासक मानतात. डोंगरातल्या भिक्षूंच्या अन्नाची सोय खालच्या शेताच्या उत्पन्नातून होत होती. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत, वस्तीने वेढलेली. लेणी बघितलीत तर फक्त कोरीव काम बघू नका. पाठ वळवा आणि पाणी कुठून येत असेल, सपाट जमीन कुठे सुरू होते, ते बघा.

मग रेल्वे ओलांडा. बी.बी.सी.आय.चा, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा, हा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचला. रुळांचा भराव म्हणजे डोंगरातून खाडीकडे जाणाऱ्या पाण्यावर आडवा घातलेला बांधच. मोऱ्या जिथे ठेवल्या तिथूनच पाणी जाऊ लागलं. रुळांखालच्या या मोऱ्या शोधा, त्या जुन्या ओढ्यांच्या जागा सांगतात.

स्वामी विवेकानंद रस्ता हा पूर्वीचा घोडबंदर रस्ता. तो आणि जुनी गावठाणं बहुतेक ठिकाणी भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या जमिनीवर आहेत. त्याच्या पश्चिमेला एकसर. तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मृतिशिळा, प्रसिद्ध आहेत. उंच शिळांवर वल्ह्यांची जहाजं, समुद्रातली लढाई, पडलेले वीर आणि त्यांना स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. काही अभ्यासक ते शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी जोडतात, काही त्यांना त्याहून जुने मानतात. भूदृश्याच्या दृष्टीने मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरने या सहा शिळांचं वर्णन करताना त्या आंब्याच्या राईत, तळ्याच्या काठी उभ्या असल्याचं लिहिलं आहे. गॅझेटिअर वाचायची पद्धत हीच ठेवा. वास्तूचं वर्णन सगळे वाचतात. तुम्ही तिच्या आजूबाजूच्या दोन ओळी वाचा: राई, तळं, बंदर, वाट, खाचरं. आज त्या जागी काय आहे याची जोडी लावली की छेदातला एक बिंदू पक्का झाला.

एकसरच्या पुढे लिंक रोड लागतो आणि जमीन बदलल्याचं पायांना कळतं. गल्ल्यांचा वेडावाकडा गुंता संपतो, रस्ते काटकोनात येतात. गोराई आणि चारकोप इथे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने छोटे भूखंड आखून वसाहती उभ्या केल्या. पट्टीने ओढलेल्या या रेघांखाली खाडीकाठची सखल जमीन आहे. त्याच्याही पुढे तिवरं, मग खाडी, मग पलीकडे गोराई गाव.

या चालीत दर शंभर पावलांवर पाच गोष्टी टिपा: चढ की उतार, पायाखाली मुरूम-खडक की भराव, गल्लीची रुंदी व दिशा, पाणी कुठे वाहतं, आणि सगळ्यात जुनं दिसणारं झाड किंवा बांधकाम. फोटो मागाहून काढा. आधी लिहा, कारण लिहिताना नीट बघितलं जातं.

गावठाणात शिरताना

गावठाणाची कड आधी चाला, आत नंतर जा. जुन्या गावाने भातजमीन घरांखाली घालवलेली नसते, म्हणून गावठाण उंचवट्यावर किंवा खडकाळ तुकड्यावर दाटीने बसलेलं असतं. कडेवर जागोजागी गल्ली एकदम रुंद होऊन संपते. ती बहुधा गुरं बाहेर काढायची वाट होती. गावदेवी, वेताळ, वेशीवरचा दगड आणि स्मशान यांच्या जागा नकाशावर मांडा, त्यांना जोडणारी रेघ तुम्हाला गावाची जुनी शीव दाखवते.

ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, वस्त्यांत रस्त्याकडेचे क्रूस बघा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, आणि त्यानंतर रोगापासून रक्षण व्हावं म्हणून पुष्कळ क्रूस उभारले गेले. अनेकांवर साल कोरलेलं असतं. साल असलेला क्रूस जागचा हललेला नसेल तर एक गोष्ट पक्की सांगता येते: त्या साली तिथून वाट जात होती. रस्ता रुंद करताना कित्येक क्रूस सरकवले गेले आहेत, म्हणून शेजारच्या घरी विचारल्याशिवाय खात्री धरू नका.

विहिरींची वेगळी यादी करा. बुजवलेल्या विहिरी शोधणं अवघड वाटतं, पण गोल चौथरा, आवारातलं कारण नसलेलं वर्तुळ किंवा विहिरीला जाणाऱ्या चार वाटांचा चौक मागे राहतो. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडला आणि त्यानंतर कितीतरी विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. एका आवारात तीन-चार विहिरी जवळजवळ सापडल्या तर ती बहुधा बागायत वाडी होती. एकच मोठी, चहूबाजूंनी मोकळी असेल तर ती गावाची.

झाडांची साक्ष दुय्यम पण उपयोगी. रांगेत उभे ताड ताडीचा धंदा आणि भंडारी वस्ती सुचवतात. जुना फणस, आंबा आणि चिंच एकत्र असतील तर घराचं परसू असावं. इमारतींच्या मागच्या नाल्यात तिवर उगवलेलं दिसलं तर खारं पाणी अजून तिथवर पोचतं आहे.

दगड सापडला तर

मुंबईत कोरलेले दगड आजही सापडतात. शेंदूर लावलेले, पारावर टेकवलेले, बांधकामात निघालेले. वीरगळांखेरीज गधेगाळ लक्षात ठेवा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. राजाने दिलेलं दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप आहे. परळला मिळालेल्या अपरादित्य शिलाहाराच्या शके ११०८ च्या लेखात साष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नातून देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि शेवटी असाच गाढवाचा शाप मराठीत आहे. म्हणजे गधेगाळ हा जमिनीचा कागद आहे, दगडावर लिहिलेला. तो जिथे उभा आहे तिथेच त्याचा अर्थ आहे. हलवला की कुठल्या जमिनीबद्दल बोलतो आहे ते कायमचं हरवतं.

म्हणून हात लावू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळू नका, शेंदूर खरवडू नका. तो कुणाचा तरी देव आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, नाहीतर बाजूने टॉर्च धरून फोटो काढा. मोजपट्टी शेजारी ठेवा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, आणि तो मूळ जागी आहे की आणून ठेवलेला हे विचारा. जमिनीवरची खापरं आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे उचलून घरी नेऊ नका. फोटो आणि जागेची नोंद पुरते. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. महत्त्वाचं काही दिसलं तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा. उघड्यावरच्या मूर्तीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, चोरांना तोच पत्ता हवा असतो.

हे काम नवख्यांनी करायचंच नाही असं मात्र मुळीच नाही. २०१५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या पुढाकाराने साष्टीचं गावोगाव सर्वेक्षण सुरू झालं. पुरातत्त्वज्ञ कुरुष दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यात विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक वस्त्यांतून फिरले. त्यातून कितीतरी विस्मरणात गेलेले अवशेष नोंदले गेले.

माणसांशी बोलताना

इतिहास विचारू नका, काम विचारा. ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हटलं की लोक पेशवे आणि पोर्तुगीज सांगतात. ‘आजी, तुमच्याकडे भात कुठे लावायचे?’ म्हटलं की त्या हात लांब करून समोरच्या टॉवरकडे बोट दाखवतात. उघाडी कोण बघायचं? बांधाला खांड पडली की कोण बुजवायचं? गुरं कुठल्या वाटेने जायची? प्यायचं पाणी कुठून आणि धुण्याचं कुठून? होडी कुठे लागायची? मीठ कुठल्या महिन्यात काढायचे? आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन, आणि आरेच्या पाड्यांतले वारली, प्रत्येकाला शिवाराचा वेगळा भाग ठाऊक असतो. कोळी मावशींना खाडीचे फाटे नावानिशी माहीत असतात, वाडीतल्या एखाद्या अंकलना रहाटाची विहीर. दोघांची माहिती एकाच नकाशावर घ्या. बायकांना वेगळं विचारा, कारण पाणवठे, सरपण आणि निवट्या-खेकड्यांच्या जागा त्यांच्या पायाखालच्या आहेत.

साल विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. आरे कॉलनी आली तेव्हा, एकाहत्तरची लढाई, बहात्तरचा दुष्काळ, ब्याऐंशीचा गिरणी संप, सव्वीस जुलै, अशा खुणांच्या आधी की नंतर हे विचारा. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची, म्हणून आसपासच्या उपनगरांत ती चांगली खूण ठरते. शक्य असेल तेव्हा जुन्या छायाचित्राची मोठी छपाई जमिनीवर पसरून ठेवा. आधी लोक स्वतःचं घर शोधतात, मग शेत, मग भांडणं सुद्धा सांगायला लागतात.

भांडणांवरून आठवण करून देते. गावठाणांत जमिनीचे दावे चालू असतात आणि वही घेऊन फिरणारा माणूस बिल्डरचा समजला जातो. पहिल्याच भेटीत आपण कोण, कशासाठी, माहिती कुठे जाणार हे सांगा. ध्वनिमुद्रण विचारूनच करा. कुणाची जमीन कुणी बळकावली अशी वाक्यं नावांसकट लिहू नका. छापून आलेलं घरी आणून दाखवा. पुढच्या वेळी दार आपोआप उघडतं.

कोणती रेघ आधीची

आता तुमच्याकडे बांध, वाटा, हद्दी, रूळ, नाले अशा कितीतरी रेघा जमल्या. त्यांचा क्रम लावायचा आहे. नियम साधा: जी रेघ दुसरीला कापते ती नंतरची, जी दुसरीला वळायला लावते ती आधीची. रुळांच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी, कुणालाच न शोभणारे भूखंड दिसले तर रूळ खाचरांना कापून गेले. एखाद्या सोसायटीची भिंत रस्त्याशी विचित्र कोन करून उभी असेल आणि तीच रेघ पलीकडच्या आवारातही पुढे जात असेल, तर ती जुन्या सर्व्हे नंबराची हद्द असावी. मिळकत पत्रिकेच्या नकाशाशी ताडून पहा. रस्ता एका ठिकाणी फुगून पुन्हा सरळ होत असेल तर मध्ये काहीतरी होतं, ज्याला वळसा घालावा लागला: तळं, वड, पीर किंवा बांधाचा कोपरा.

गावांची आणि भागांची नावं या टप्प्यावर वापरा, आधी नाही. खार, खाडी, बंदर, तलाव, वाडी ही नावं मोहात पाडतात आणि मग हवं ते दिसायला लागतं. जमिनीवरचे दोन पुरावे जमले की नावाला तिसरा साक्षीदार म्हणून बोलवा. धोबी तलाव आणि गोवालिया टँक इथे नाव, जुना नकाशा आणि आजची मोकळी जागा वा चौक तिन्ही जुळतात, म्हणून तिथे शंका उरत नाही.

नोंद अशी ठेवा

एका जागेला एक पान. वर मौजे, सी.टी.एस. नंबर माहीत असेल तर तो, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि त्या दिवशीची भरती. खाली जे दिसलं ते एका रकान्यात, जे लोकांनी सांगितलं ते दुसऱ्यात, आणि तुमचा तर्क तिसऱ्यात. तिन्ही कधीही मिसळू नका. तर्क उद्या बदलेल, पण पाहिलेलं बदलता कामा नये. तर्कापुढे खात्री किती हेही लिहा: पक्कं, बहुधा, शंका.

फोटो दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढा आणि जागा लिहून ठेवा. पुनर्विकासात एखादी चाळ पडते तेव्हा काही आठवडे जमिनीचा पोटातला छेद उघडा दिसतो: वर विटांचा चुरा, त्याखाली मुरमाचा भराव, त्याखाली काळा-करडा खाडीचा गाळ, कधी शिंपल्यांचा थर. पत्र्याच्या कुंपणाबाहेरून परवानगी घेऊन तो बघा आणि प्रत्येक थराची जाडी अंदाजाने लिहा. बांध नेमका कुठे संपत होता हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच नकाशातून कळत नाही, आणि पाया भरला की ती संधी गेली. म्हणून तुमच्या मौज्यात कुठल्या इमारती पाडायच्या यादीत आहेत ते महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसांत बघत रहा. या नोटिसांत सी.टी.एस. नंबर आणि मौजे दोन्ही छापलेले असतात.